विषय : आमचा पासवर्ड बरोबर आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

महोदय,

४२ मिनिटांचा फोन आत्ताच आपटला. तीन दिवसांतला हा तिसरा.

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं पाच माणसांचं ऑफिस आहे. तुमची एन्क्रिप्शन लायब्ररी, म्हणजे फाइलला सांकेतिक कुलूप लावणारं सॉफ्टवेअर, आम्ही २०१९ पासून पैसे मोजून वापरतो, सपोर्टचे पैसे वेगळे. आम्ही सांभाळतो त्या पतसंस्थेच्या कळवा, ऐरोली आणि नेरूळ शाखा रोज संध्याकाळी हिशेबाची फाइल एन्क्रिप्ट करून मुख्य शाखेला पाठवतात. सोमवारी सर्व्हरवर तुमची नवी आवृत्ती टाकली. इन्स्टॉलर हिरवी खूण दाखवून मोकळा झाला. पीएफएक्स, म्हणजे आमचं सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की (कुलपाची गुप्त किल्ली) ठेवलेली पासवर्डबंद फाइल, उघडायला गेलो तर एकच पालुपद: पासवर्ड चुकीचा आहे.

पासवर्ड चुकीचा नाही. जुन्या मशीनवर, तुमच्याच जुन्या आवृत्तीत, तीच फाइल त्याच पासवर्डने उघडते. हे तिन्ही फोनवर सांगितलं.

आजच्या 'सीनियर' इंजिनिअरांनी आधी कॅप्स लॉक बघायला लावलं. बघितला. मशीन रीस्टार्ट करायला लावलं. केलं. मग म्हणाले, "सर, टाइप नका करू, नोटपॅडमधून पेस्ट करा." तेही केलं. वीस वर्षं हा धंदा करतोय, तरी बालवाडीतल्या पोरासारखं निमूटपणे केलं. मग म्हणाले, "सर, असं करा ना, पीएफएक्स आणि पासवर्ड दोन्ही मेल करा, आम्ही इकडे चेक करतो." मी म्हटलं, अहो, त्यात प्रायव्हेट की आहे. "हो सर, म्हणून तर पासवर्ड पण लागेल." मला वाटलं थट्टा करतायत. छे! पुढे म्हणतात, "मेल जमत नसेल तर व्हॉट्सॲप करा."

कुलपं विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाकडेच तिजोरीची किल्ली मागतो, तीही व्हॉट्सॲपवर. फोन स्पीकरवर होता आणि पतसंस्थेच्या मॅनेजर मॅडम समोर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यांच्या भरवशावर आपण खातेदारांचे हिशेब पाठवतो का?" काय सांगणार होतो?

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात कारण सापडलं. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला सापडलं, तुमच्या सीनियरना नाही. नव्या आवृत्तीच्या पोटात तुम्ही ओपनएसएसएल ३ घातलंय, म्हणजे एन्क्रिप्शनचं मूळ काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी पिढी. घालायलाच हवं होतं, त्याच्या जुन्या १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. पण ३ मध्ये आरसी२ ही जुनी, कमकुवत एन्क्रिप्शन पद्धत लेगसी प्रोव्हायडरकडे, म्हणजे मुद्दाम चालू करावा लागणाऱ्या वेगळ्या भागाकडे गेली, हे तुम्हाला मी सांगायचं? आमच्या २०१९ च्या पीएफएक्समधलं सर्टिफिकेट ४० बिटांच्या आरसी२ने बांधलेलं आहे, तेव्हा डीफॉल्टच ते होतं. तिने ओपनएसएसएलच्या स्वतःच्या कमांड लाइनवर 'लेगसी' पर्याय दिला आणि फाइल पहिल्या फटक्यात उघडली. त्याच पासवर्डने, बरं का. पर्याय काढला तर ओपनएसएसएल सरळ सांगतं की हा अल्गोरिदम अनसपोर्टेड आहे. तुमची लायब्ररी तो निरोप गिळते आणि खापर गिऱ्हाइकाच्या माथी फोडते. त्या लेगसी भागाची फाइल (डीएलएल) तर तुमच्या इन्स्टॉलरने टाकलेलीच नाही. फोल्डर तपासला, नाही.

फाइल आम्ही एईएस या आजच्या मजबूत पद्धतीत नव्याने बांधून घेतली, काम सुरू झालं. पण तीन दिवस ऐरोली शाखेचा शिपाई पेनड्राइव्ह खिशात घालून ट्रान्सहार्बरने ठाण्याला खेपा घालत होता. त्याचं भाडं मागत नाही. यंदाची सपोर्टची फी मात्र परत हवी, कारण सपोर्ट मिळालेला नाही. एरर मेसेज दुरुस्त करा, इन्स्टॉलर दुरुस्त करा, आणि प्रायव्हेट की मागायची रीत कोणी शिकवली ते मला लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकील लिहील. मार्चमध्ये रिन्यूअल आहे, त्यासाठी फोन करायची तसदी घेऊ नका.

आपला,
(अजून तरी) ग्राहक

ता.क. हे लिहितानाच तुमचा मेल आला. तिकीट बंद. शेरा : 'ग्राहकाने आवश्यक फाइल पाठवली नाही.'