फोटो छापा, पण विमानाची शेपूट कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाच्या घरातला जुन्या विमानाचा फोटो तुम्ही छापलात, खाली ओळ होती ‘औरंगाबादच्या लष्करी सरावातलं विमान, १९११’. फोटो झकास आहे, इतकी वर्षं जपून ठेवल्याबद्दल त्या घरच्यांचे आधी आभार. पण ते विमान १९११ चं नाहीये, त्यामुळे औरंगाबादच्या सरावातलं असायचा प्रश्नच नाही.

आता औरंगाबादची गोष्ट खरी आहे, म्हणून तर घोळ होतो. जानेवारी १९११ मध्ये तिथे, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, घोडदळाचा मोठा सराव झाला आणि ब्रिस्टल कंपनीने कलकत्त्याला आणलेलं बॉक्सकाइट विमान त्यासाठी तिकडे नेलं, चालवायला ज्युलेरो नावाचा फ्रेंच माणूस आणि टेहळणीला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. पण बॉक्सकाइटमध्ये बसायला केबिन-बिबिन काही नव्हती हो, खालच्या पंखावर उघड्यावरच वैमानिक आणि त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस, पुढे लांब दांड्यांवर एक आडवी फळी, इंजिन मागे. तुमच्या फोटोत दोघं जण चक्क होडीसारख्या डब्यात बसलेत, तो डबा दोन पंखांच्या मधोमध टांगल्यासारखा आहे आणि नाकापुढे फळी नाहीच. हे मोरिस फार्मान शॉर्टहॉर्न जातीचं विमान आहे, १९१३ च्या आधी ते नव्हतंच. शिवाय पंखाखाली गोल चक्र दिसतंय, म्हणजे विमान कुठल्या देशाचं ते सांगणारी रंगवलेली खूण. १९११ मध्ये असं चक्र कुठल्याच देशाच्या लष्करी विमानावर नव्हतं, फ्रेंचांनी ते १९१२ मध्ये आणलं आणि ब्रिटिशांनी १९१४ च्या अखेरीस.

आणि त्या चक्राचंच तुम्ही वाट्टोळं केलंत! मूळ फोटो काळापांढरा, तो तुमच्याकडे कुणीतरी सॉफ्टवेअरमधून रंगवला आणि मधला ठिपका निळा, बाहेरचं कडं लाल करून टाकलं. झालं, ब्रिटिश विमान फ्रेंच झालं. त्या काळच्या बऱ्याचशा फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा यायचा, आणि निळा उलट फिकट, पांढुरका यायचा. कोपऱ्यात तुम्ही मूळ प्रत छोटी छापलीये त्यात मधला ठिपका काळा आणि बाहेरचं कडं फिकट आहे, म्हणजे मध्ये लाल, बाहेर निळं, म्हणजे ब्रिटिश चक्र. रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार? गडद दिसलं की निळं, असं त्याने ठरवून टाकलं.

दुसरी तक्रार शेपटीची. कॉलमात बसावा म्हणून उजवीकडून फोटो कापलाय ना, तिथेच बरीच माहिती गेली. त्या काळातली ही मागे पंखा असलेली विमानं पुढून इतकी सारखी दिसतात की अनुभवी माणूसही फसतो, शेपूट बघितल्याशिवाय काही खरं नाही. त्याच हिवाळ्यात, १८ फेब्रुवारी १९११ ला, आँरी पेके हा फ्रेंच वैमानिक अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन उडाला. त्याचं हंबर-सॉमर विमान लांबून अगदी बॉक्सकाइटचा भाऊ वाटतं, पण त्याला मागे आडवी फळी एकच आणि बॉक्सकाइटला एकावर एक अशा दोन. शेपूट कापली की दोन्ही सारखीच.

मग हा फोटो कुठला असेल? शॉर्टहॉर्न इंग्लंडमध्ये विमान शिकवायला खूप वापरलं, पण १९१५ मध्ये भारत सरकारने दिलेली दोन शॉर्टहॉर्न आणि एक लाँगहॉर्न (त्याच फार्मानचं, नाकापुढे फळी असलेलं) पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला ऑस्ट्रेलियन वैमानिकांच्या ताब्यात होती, तेसुद्धा आपल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, इराकमधल्या कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या त्याच. म्हणून त्या वाचकांना एवढंच विचारा की आजोबा-पणजोबा कुठल्या पलटणीत होते? आणि फोटोच्या पाठीमागे काही लिहिलंय का, स्टुडिओचा शिक्का आहे का? तुम्ही पाठ छापलीच नाहीत, माझ्या मते ती पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची.

तर विनंती अशी की हा फोटो पुन्हा छापा, न कापता, न रंगवता, मागच्या बाजूसकट, थोडी जागा जास्त गेली तर जाऊ दे, त्या पानावर राशिभविष्य दोनदा येतंच. आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे ज्यांच्या ट्रंकेत असे फोटो असतील त्यांनी ते अल्बमला गोंदाने चिकटवू नयेत, नावगाव लिहायचंच तर मागे पेन्सिलीने हलकं लिहावं, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आपला,
एक वाचक, सातारा