अस्वानच्या गाईडदादांस, उस्तांच्या मुलीकडून

गाईडदादा, सप्रेम नमस्कार.

घरी परतून अडीच महिने झाले. पत्र लिहायचं रोज ठरवते आणि रोज राहून जातं, कारण लिहायला बसलं की पहिल्या ओळीलाच डोळे भरतात. आज लिहितेच. इंग्रजी करून तुमच्या फोनवर वेगळं पाठवीन. आधी मराठीत लिहितेय ते एवढ्यासाठी, की आमच्याकडे सहली नेणाऱ्यांच्याही वाचनात यावं. नाव तुमचं लिहीत नाही, त्यांचंही नाही.

तुम्ही भेटण्याआधीचे तीन दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊक नाही. गिझाला खुफूच्या पिरॅमिडपाशी आम्हाला पंचवीस मिनिटं मिळाली आणि पपायरस नि अत्तराच्या दुकानांत मिळून अडीच तास. पिरॅमिडच्या तळाशी पांढऱ्या चुनखडीचे जे थोडे दगड शाबूत आहेत, तिथे बाबा वाकून दोन दगडांमधल्या दरजेत नख जातं का बघत होते. आमचा टूर मॅनेजर म्हणाला, "काका, दगड सगळीकडे सारखेच. चला, बस थांबलीय." लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. रात्री हॉटेलात बाबा म्हणाले, "उगाच आलो गं. एवढ्या पैशात मागच्या खोलीचा स्लॅब झाला असता." दुसऱ्या दिवशी ते गाडीतून उतरलेच नाहीत, आणि "का नाही उतरले" असं कुणी विचारलंही नाही.

मग अस्वान. ग्रॅनाइटच्या जुन्या खाणीतला तो अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच, निमुळता खांब. आमच्यातल्या निम्म्यांचा विरसच झाला होता. ना कोरीवकाम, ना रंग, फोटोतही धड मावत नाही. एक काकू तर म्हणाल्या, "पडका दगड बघायला एवढं ऊन खायचं?" तुम्ही शांतपणे सांगत होतात: लांबी सुमारे 42 मीटर, वजन हजार टनांच्या वर, बहुधा हातशेपसुत या राणीच्या काळातला. उभा राहिला असता तर सगळ्यांत मोठा ठरला असता. पण भेग गेली आणि खालच्या कातळापासून न सुटताच तो तिथे राहिला, साडेतीन हजार वर्षं.

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "लोखंड नव्हतं म्हणतात, मग फोडला कशानं?"

मी विचारलं. तुम्ही तोंडी उत्तर न देता बाजूला पडलेला डोलेराइटचा गोल धोंडा उचललात आणि दोन्ही हातांनी बाबांच्या हातात दिलात. याच धोंड्यांनी ठेचून ठेचून ग्रॅनाइटचा भुगा करत चर खणले, म्हणालात. बाबांनी तो तोलला, फिरवला, कण बघितले. "अगं, हा आपल्या काळवत्रीचा भाऊबंद की!" मला लाज वाटली, आमच्या गावचा दगड इजिप्तमध्ये कुठून येणार? मी भाषांतर करायचं टाळत होते, तर तुम्हीच मागे लागलात. ऐकल्यावर म्हणालात, बरोबर आहे, बेसाल्टचंच कुळ, फक्त कण मोठे.

तेव्हा तुमची नजर बाबांच्या बोटांकडे गेली. काय काम करायचे, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "स्टोन बिझनेस." बाबांना तेवढं इंग्रजी कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डाव्या हातात टाकी नि उजव्यात हातोडा धरल्याची खूण केली आणि म्हणाले, "पाथरवट."

तुम्ही ताठ उभे राहिलात, हात छातीवर ठेवलात आणि म्हणालात, "या उस्ता!"

तोवर इजिप्तभर आम्हाला एकच हाक ऐकू येत होती, "अमिताभ बच्चन!" ही वेगळी होती. कसबी कारागिराला आमच्याकडे अशी हाक मारतात, तुम्ही मला समजावलंत. बाबांना समजवावं लागलं नाही. आमच्या तालमीत वस्ताद असतात. शब्द त्यांना थेट पोचला.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. तुम्ही विचारलंत, "उस्ता, ही भेग का गेली असेल?" नि गप्प राहिलात. ऊन रणरणतंय, मागे लोक घड्याळं बघतायत, आणि तुम्ही उत्तराची वाट बघत उभे. पन्नास वर्षं त्यांनी पाटे घडवले, जाती घडवली, देवळांच्या पायऱ्या बसवल्या. "केवढ्याला देणार" हे सगळ्यांनी विचारलं. "का" असं मी कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

बाबा म्हणाले, धोंडा हाणला की दगड बोलतो. चांगला असेल तर खणखणतो, पोटात भेग असेल तर बद्द वाजतो. पण एवढ्या मोठ्या धुडात आतली भेग वरून कुठली कळायला? "ती आधीपासूनच असणार. माणसांची चूक नाही त्यात." तुम्ही खिशातली वही काढून 'बद्द' अरबी अक्षरांत लिहून घेतलंत, बाबांकडून दोनदा म्हणवून.

पुढे कर्नाकच्या देवळात हातशेपसुतचाच उभा ओबेलिस्क पाहिला, साडेएकोणतीस मीटरचा. खाणीतलं काम सात महिन्यांत उरकलं असं तिनेच खाली कोरून ठेवलंय. टूर मॅनेजर पुढे निघून गेला होता. बाबांनी आमच्या गटातल्या चौघांना थांबवून, हातवारे करत, तो कसा ठेचून काढला ते सांगितलं. पहिली ऐकायला उभी राहिली ती उन्हावरून कुरकुरणारी काकू.

तुमच्या उस्तांची
मुलगी

ता. क. तुमच्या आजीच्या घरच्या जात्याला टाकी कधी लावायची, असं निघताना विचारलं होतंत. बाबांनी निरोप दिलाय: पीठ जाडसर यायला लागलं की. आणि टाके फार खोल घेऊ नका, नाहीतर पिठात कच येते.