पान उलटून पाहा

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील शेवंतीच्या रोगांवरील लेख वाचला. पांढऱ्या तांबेऱ्यावर, म्हणजे पानांवर फोड आणणाऱ्या बुरशीच्या रोगावर, लेखकाने केवळ फवारणी सुचवली आहे. मला हा सल्ला अपुरा वाटतो. मुळात हा तांबेरा असूनही तांबडा नसतो, त्यामुळे अनेक जण त्याला भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पावडर आणणारा दुसरा बुरशीचा रोग, समजतात. भुरीची पावडर बोटाला लागते, याचे फोड मात्र मेणासारखे घट्ट असतात आणि बहुधा पानाच्या खालच्या अंगाला येतात. वरून दिसतात ते फक्त फिकट पिवळे ठिपके.

हा रोग आणणारी पक्सिनिया होरियाना ही बुरशी मूळची पूर्व आशियातली. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे जीवनचक्र पूर्ण व्हायला दुसऱ्या जातीचे झाड लागते. हिचे सगळे शेवंतीवरच भागते. तिचे नाजूक बीजाणू कोरड्या हवेत काही मिनिटांत मरतात, पण पान ओले असले तर दोन-तीन तासांत आत शिरकाव होतो. फोड मात्र साधारण 7 ते 10 दिवसांनी उठतात. मधल्या काळात झाड अगदी निरोगी दिसते, आणि नेमक्या अशाच झाडाच्या काश्या (बुडाशी फुटणारे, लावणीचे कोंब) आपण हौसेने एकमेकांना देतो. (मीही दिल्या आहेत.)

म्हणून नव्या काश्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात, पाणी सकाळी आणि बुडाशीच घालावे, फोड दिसलेली पाने जाळून टाकावीत. औषधाचा पंप त्यानंतर.

– एक वाचक