मत गुप्त, गाव मात्र उघडे

महोदय,

गुप्त मतदानामुळे माणूस जात, भावकी, मालक यांच्यापासून वेगळा होऊन स्वतःचा कौल देतो. पण मतमोजणी यंत्रनिहाय होते. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली, हे नमुना २० या निकालपत्रकात जाहीर होते. एका गावात एकच केंद्र असेल, तर व्यक्तीचे मत झाकलेले राहते आणि वस्तीचे उघडे पडते. मग 'तुमच्याकडून मते आली नाहीत' म्हणून रस्ता, पाणी अडते. ही भीती मतदानाआधीच काम करते.

मतपत्रिकांच्या काळात १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ५९-अ नुसार, दहशतीची शक्यता असलेल्या मतदारसंघात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. यंत्रांसाठी निवडणूक आयोगाने २००८ मध्ये 'टोटलायझर' सुचवले: १४ यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे उपकरण. विधी आयोगानेही २०१५ मध्ये २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. मग एकेका यंत्राची मते व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेले ते दाखवणाऱ्या) कागदी चिठ्ठ्यांशी कशी ताडायची, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी सोडतीने निवडलेली प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे स्वतंत्र मोजावीत, बाकीची एकत्र. केंद्राला शिक्षा होणार नाही ही खात्री मिळाली, तरच शेजारी शेजाऱ्यावर संशय घेणे सोडेल. सरकारने नियमांत दुरुस्ती करावी.

— एक मतदार