कंबर तलावावरची मधमाशी

सोलापूर,
शनिवार, रात्र

प्रिय बाळ्या,

गड्डा यात्रा होऊन गेली तरी तुला उत्तर नाही. चुकलंच. आम्ही बरे, आक्कांचे गुडघे तसेच.

मंगळवारी चिंगीला ल्युकेमियाचं, म्हणजे त्या रक्ताच्या कॅन्सरचं, ॲस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन होतं. आधीच्या फेरीत काहीच झालं नव्हतं, मग मध्ये काही आठवडे खंड. मांडीत टोचून दहा मिनिटं झाली असतील, "बाबा, घसा खाजतोय" म्हणाली. मी म्हटलं, पाणी पी. बाळ्या, मी पाणी पी म्हटलं! तेवढ्यात गळ्यावर गांधी, ओठ सुजलेले, खोकला थांबेना. सिस्टर धावल्या. दुसऱ्या मांडीत ॲड्रिनलीन, ऑक्सिजन, सलाईन. तासाभराने ती वरणभात मागत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझं तोंड. कंबर तलाव, सातवी. आदल्या वर्षी मधमाशी चावली तर तुला काही नाही, दुसऱ्यांदा डोळेच सुजून मिटले. मी पळालो म्हणतोस अजून. रिक्षा आणायला गेलो होतो बे, किती वेळा सांगू!

डॉक्टरबाई तेच म्हणाल्या. पहिल्यांदा शरीर ओळख करून घेतं, पुढे तुटून पडतं. हे औषध ई. कोलाय जिवाणूपासून काढतात. पेशींना प्रथिनं बनवायला ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते ल्युकेमियाच्या पेशींना स्वतःपुरतं बनवता येत नाही. औषध रक्तातलं ॲस्परॅजिन संपवतं, त्या उपाशी मरतात. म्हटलं, आधी ॲलर्जीचं ॲव्हिल देऊन हेच चालू ठेवा की. तर म्हणाल्या, गांधी दडतील, पण शरीर औषध आतल्या आत निकामी करत राहील. काही मुलांत तर अंगावर काही न उठताच असं होतं.

तेव्हापासून झोप नाही. गांधी दिसल्या म्हणून कळलं तरी. आधीचे डोस लागले की वायाच गेले? रोज रात्री जुनी फाईल काढून तारखा मोजतो, ही म्हणते ठेवा आता ती.

आता अर्विनिया नावाच्या दुसऱ्या जिवाणूपासूनचं देणार. त्याला शरीर सहसा ओळखत नाही, पण ते लवकर उतरतं, म्हणून आठवड्यातून तीनदा. मागवलंय, अजून आलेलं नाही. फोन वाजला की दचकतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी पाठवतोय, पोरांना कमी दे.

चिंगी विचारते, मधमाशीवाल्या काकांना परत कधी चावली का. तूच फोन करून सांग तिला. पळाल्याचं मात्र काढू नकोस.

तुझा,
पप्या