कोचीत भेटलेली मांडवी

दांडिया बाजार, बडोदे
१४ डिसेंबर

प्रिय वसंता,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही समुद्रात होतो. परत आलो तर ते दाराखालून सरकवलेलं. "कुठेही गेलास तरी शेवटी बडोद्याचीच गोष्ट सांगशील" असं लिहिलं आहेस. लेका, तुझ्या जिभेवर तीळ आहे.

जहाजाचं थोडक्यात आटपतो. खाणं अमाप, झोप अमाप, लिफ्टपुढे कायम रांग. हिनं नेलेला लीलो चेवडो दुसऱ्याच संध्याकाळी शेजारच्या नाशिककरांनी फस्त केला. संपलं जहाज.

कोचीला लागलो तो विलिंग्डन बेटाचा धक्का. हे बेट बहुतेक सगळं माणसानं केलेलं. इंग्रजांनी बंदर खोल करायला गाळ उपसला आणि त्याचीच जमीन केली. मूळ बंदरही पुराची देणगी. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळानं बुजलं आणि इथं वाट उघडली, असं सांगतात. आपली विश्वामित्री नदी एवढी घरात शिरते, पण चिखलापलीकडे काही देत नाही बघ.

जहाजवाल्यांच्या सहलीचा दर ऐकून आम्ही सरळ रिक्षा केली. रिक्षावाल्यानं "फाईव्ह मिनिट्स" म्हणत आधी शोभेच्या वस्तूंच्या दुकानात नेलं. तिथला लाकडी हत्ती घरी येईतो एका पायानं अधू झाला.

फोर्ट कोचीच्या काठावर मात्र आम्ही चांगला तासभर बसलो. ती चिनी जाळी फोटोत पाहून काही कळत नाही. लांबलचक वासे, त्यांच्या टोकांना ताणलेलं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना ओळीनं बांधलेले दगड. एक जण वाशावरून चालत पुढे गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात बुडतं. मग चार-पाच जण मागचे दोर ओढतात, दगड एकेक करून जमिनीला टेकतात आणि जाळं वर येतं. आपल्या विहिरीवरच्या, पाणी उपसायच्या ओकतीची थोरली बहीणच. आमच्यासमोर वर आलं त्यात मूठभर मासळी, एक खेकडा आणि बरीचशी जलपर्णी. बगळे आमच्याहून निराश झाले.

सेंट फ्रान्सिस चर्च जवळच. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला इथे पुरलं होतं. अस्थी पुढे लिस्बनला नेल्या. रिकाम्या थडग्याभोवती कठडा आहे. मला त्यापेक्षा छताचे कापडी पंखे आवडले, बाहेर बसून दोरीनं ओढायचे. ओढणाऱ्याचं थडगं काही दिसलं नाही.

मट्टांचेरीला गेलो तर शनिवार! १५६८चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ बंद. ही म्हणाली, निघण्याआधी वार बघायचा असतो. मुकाट्यानं मिरी-वेलदोड्यांच्या वासामागून चालत सुटलो, तर पाटी दिसली: गुजराती रोड. पलीकडे जैन देरासर आणि ओट्यावर एक आजी. आमचं मराठीतलं भांडण ऐकून त्या थांबल्या असाव्यात. मी गुजरातीत रस्ता विचारला.

"क्यांथी आव्यां?"

"वडोदराथी."

"पण बोलो छो तो मराठी!"

आता गायकवाडांपासूनची कुळकथा ओट्यावर कुठे सांगत बसू? म्हटलं, आमचं असंच आहे, घरात मराठी, दारात गुजराती. त्या खुदकन हसल्या. त्यांचं घरात कच्छी, दारात मल्याळम. मग म्हणाल्या, "अमे मांडवीनां."

माझे तर डोळेच विस्फारले. म्हटलं, आपल्या बडोद्याच्या चार दरवाजांतली? पाणी दरवाजाकडची की लहेरीपुऱ्याकडची? त्यांना काही बोध होईना. ही मला कोपरानं ढोसत होती. त्यांची मांडवी कच्छची, गलबतं बांधतात ती. मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा, हे शाळेत शिकून विसरलो होतो. मग बंदराला एक असणार आणि बाजारपेठेलाही.

"अमारी मांडवीमां दरियो छे. तमारीमां?"

"ट्राफिक," मी म्हटलं.

पाच वाजता जहाजावर परतायचं होतं, तरी चहा झाला. निघताना त्यांनी जुन्या गुजराती पंचांगाच्या पानात बांधून मिरी दिली. त्यातली निम्मी सोबत पाठवतो आहे. वहिनींना सांग, अख्खीच ठेवा, लागेल तशी कुटा. आणि मेमध्ये येतोस ना? या खेपेला कबूल करूनच टाक.

तुझा,
श्रीकांत