अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

सातारा,
दि. ८ जून २०२५

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आला आहे, त्यातली निम्मी रक्कम बाजूला काढून अण्णांच्या नावाने गावाकडच्या मळ्यात अनाथ मुलांसाठी आश्रम उभारावा, पन्नास मुलांच्या राहण्याजेवणाची आणि शाळेची सोय करावी, असे तू आणि वहिनींनी ठरवले आहे. आणि मी काही काळ बालकल्याण समितीवर, म्हणजे निराधार मुलांना कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या समितीवर होतो म्हणून परवानगी कशी काढायची ते मी सांगावे, अशी तुझी अपेक्षा आहे. तुमच्या मनात हे आले याचा मला फार आनंद झाला आणि म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहितो. पैसा याच कामासाठी खर्च कर, पण आश्रम बांधू नकोस. असे का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगावे लागेल.

बालगृहात राहणारे प्रत्येक मूल आईवडिलांविना असते, असे बाहेरून आपल्याला वाटते. समितीपुढे जी मुले येत, त्यांत दोघेही पालक गेलेली मुले थोडी असत. बहुतेकांची आई हयात असे. वडील दारूने, अपघाताने किंवा कर्जापायी गेलेले, आई ऊसतोडीला जाणारी किंवा दुसरे लग्न झालेली आणि नव्या घरात आधीच्या मुलांना जागा नसलेली, असे चित्र पुन:पुन्हा दिसे. आई नसेल तर आजी असे, मावशी असे, एखादा चुलता असे. म्हणजे माणसे होती, पण त्यांच्याकडे पैसा नव्हता, आणि केवळ तेवढ्यासाठी मूल संस्थेत ठेवायची वेळ येत होती.

माण तालुक्यातल्या एका आजीबाई माझ्या चांगल्या लक्षात आहेत. नाव लिहीत नाही, कायद्यानेही अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. मुलगा वारलेला, सून दुसरीकडे नांदायला गेलेली, पदरात दोन नातवंडे. "सायेब, मला आता झेपत नाही, यांना कुठंतरी बोर्डिंगात घाला," एवढेच त्या म्हणाल्या आणि खताच्या रिकाम्या पिशवीतून एकेक कागद टेबलावर काढून ठेवू लागल्या. रेशनकार्ड होते, मुलाचा मृत्यूचा दाखला होता, शाळेचे बोनाफाईड होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्हता, मुलांच्या नावाचे बँक खाते नव्हते आणि धाकट्याच्या आधारकार्डावर आडनावच वेगळे छापले होते. दाराशी उभा असलेला थोरला नातू मधेच म्हणाला, "तिथं आजी येणार का राहायला?"

राज्य सरकारची बालसंगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे. आता तिच्या नावाआधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव लावले आहे. मूल नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे राहते आणि अठरा वर्षांपर्यंत त्याच्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम १,१०० होती. दोन नातवंडांचे साडेचार हजार म्हणजे त्या आजींच्या घरात मोठीच रक्कम. अडचण होती ती कागदांची. प्रत्येक दाखल्यासाठी तालुक्याला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे वेगळे, आणि साहेब जागेवर नसले की पुन्हा हेलपाटा. अर्जाला मुलांचा घरासमोर काढलेला फोटोही जोडावा लागतो. आजींकडे मोबाईलही नव्हता. शेवटी ओळखीच्या एका शिक्षकाने फोटो काढला, आधारकार्ड दुरुस्त करून घेतले, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घातल्या आणि प्रकरण मंजूर झाले. पैसे कधी दोन-तीन महिन्यांनी एकदम जमा होतात, पण मुले आजीजवळच राहिली. त्या शिक्षकाने स्वत:चा जो खर्च केला तो एका वाढदिवसाच्या केकपेक्षा कमी असेल.

केकचा विषय निघालाच आहे तर तेही लिहून टाकतो. बालगृहाच्या कार्यालयात भिंतीवर एक दिनदर्शिका लावलेली असते आणि तिच्यावर अन्नदानाच्या तारखा लिहिलेल्या असतात. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस. पितृपक्षात तर एकही रकाना रिकामा नसतो, रोज खीर आणि वडे, इतके की मुले साधी भाकरी मागतात. दिवाळीनंतरचे रकाने मात्र कोरे दिसतात. देणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, त्यांच्या मनात चांगलेच असते. परंतु केक कापताना टाळ्या वाजवायला उभी केलेली ती मुले पाहिली की मला आत कुठेतरी संकोच वाटतो. त्यांतल्या कित्येकांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेली असते. अकरावी विज्ञानाची फी भरायला किंवा शिकवणी लावायला मात्र सहसा कुणी पुढे येत नाही.

आश्रम हीच कल्पना तुझ्या मनात प्रथम यावी, हे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे तिला मोठी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तिथेच ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. तिथेच जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला आणि पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना शेकड्यांनी आणले आणि केडगावला त्यांची वसाहतच उभी केली. अगदी आपल्या काळात सिंधुताई सपकाळ यांनी स्वत: भीक मागून मुले सांभाळली. या ठिकाणी आश्रम नसते तर ती मुले जगलीच नसती. आजही टाकून दिलेल्या, छळ झालेल्या, खरोखरच कुणी नसलेल्या मुलांना संस्था लागतातच. मी संस्थांच्या विरुद्ध नाही. परंतु दोन वेळचे जेवण आणि शाळा एवढ्याचसाठी ज्याला घर सोडावे लागते, त्याच्यासाठी पन्नास खाटांची इमारत बांधणे मला पटत नाही. खाटा केल्या की त्या भराव्या लागतात, आणि मग गावोगावच्या गरीब आयांना "मूल आमच्याकडे द्या" असे सांगत फिरणारी माणसेही तयार होतात. हे मी पाहिले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या गावात वाढलेल्या आपल्याला हे अधिक समजायला हवे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले, सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली आणि त्यांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिक्षणासाठी मुलाला छप्पर दिले, पण त्याचे घर काढून घेतले नाही.

आता परवानगीचे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसताना मुले ठेवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुणी दाराशी मूल आणून सोडले म्हणून तू ते ठेवून घेऊ शकत नाहीस, चोवीस तासांत कळवावे लागते आणि पुढे समितीचा आदेश लागतो. अधीक्षक, काळजीवाहक, समुपदेशक, मुलींसाठी महिला कर्मचारी, रात्रीचा पहारा, हे सारे बारा महिने चालवायचे आहे, आणि तुझे-माझे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. शिवाय मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानावा, असे याच कायद्याच्या मूलतत्त्वांत लिहिलेले आहे. वहिनींनी दत्तकाविषयीही विचारले आहे. तान्ह्या बाळांसाठी थांबलेली जोडपी उपलब्ध बाळांच्या कितीतरी पट आहेत आणि ते सारे काम केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अंतिम आदेशाने होते. थोरल्या मुलांना मात्र फार कमी जण मागतात, म्हणून तर पुढचे लिहायचे आहे.

खरी ओढाताण सुरू होते ती अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. तोवर बालगृहात जेवण, कपडे, शाळा सगळे ठरलेले असते. अठराव्या वाढदिवसानंतर, तो खरा असो वा कागदोपत्री, मुलाला बाहेर पडावे लागते. आपली मुले त्या वयात पाण्याचे बिल कुठे भरतात हेसुद्धा जाणत नव्हती. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठराच्या पुढच्या निवाऱ्याची तरतूद आहे. ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत असते आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत वाढवता येते, परंतु अशी गृहे फारच थोडी आहेत आणि मुलींसाठी तर त्याहून कमी.

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर हेच दुखणे वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. रेल्वे स्थानकांवर, कचराकुंड्यांत टाकलेली दिव्यांग मुले त्यांनी सांभाळली, सगळ्यांना स्वत:चे आडनाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून मतिमंद मुलाने जायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली माला पापळकर ही जन्मांध मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर ती बेवारस सापडली होती. अठराव्या वर्षी तिला निरोप दिला असता तर ती अभ्यास कुठे बसून करणार होती, याचा विचार कर.

राज्याने २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले आहे. त्यामागे गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे या तरुणीचा मोठा पाठपुरावा होता. परंतु त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, ते महिला व बालविकास विभागाकडून मिळते, आणि बाहेर पडलेल्या मुलाला ते एकट्याने काढणे जड जाते. बाकी अडचणी तर नियमांत लिहिलेल्याच नसतात. परिचारिकेचा अभ्यासक्रम करणारी एक मुलगी माझ्या माहितीची आहे. खोली पाहायला गेली की घरमालकीणबाई पहिला प्रश्न विचारतात, "घरचे कोण येणार बोलायला?" बँकेत पत्ता कुठला द्यायचा, हा दुसरा प्रश्न. आणि दिवाळीत महाविद्यालयाच्या वसतिगृहाची खानावळ बंद होते, सगळ्याजणी बॅगा भरून गावाला जातात, तेव्हा हिने जायचे कुठे? मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे होती. पहिले दोन दिवस ती प्रत्येक वस्तू विचारून घेत होती, अगदी पाण्याचा तांब्याही. तिसऱ्या दिवशी आमच्या हिने तिला चकल्या तळायला बसवले आणि तेल फार तापवलेस म्हणून चांगली दटावली, तेव्हा कुठे ती मोकळी झाली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गावाकडचा मळा राहू दे. साताऱ्यातले तुमचे जुने घर गेल्या वर्षीपासून रिकामे आहे. तिथून एसटी स्टँड, महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालय, काहीही लांब नाही. तिथे अठरा ते तेवीस वयाच्या सहा मुली सहज राहतील. एखादी प्रौढ, शहाणी बाई सोबतीला ठेवावी, शिधा भरून द्यावा, स्वयंपाक मुलींनी आळीपाळीने करावा, आणि नोकरी लागली की प्रत्येकीने पगारातून थोडे भाडे द्यावे. भाडे घ्यायचेच, फुकट ठेवून घेतले तर त्यांना पाहुण्यासारखे वाटत राहील. हे काम आपण जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना सांगून, त्यांच्या संमतीने आणि एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या मार्फतच करायचे. दारावर 'अनाथ' हा शब्द असलेली पाटी नको, कारण त्या मुलींच्या मैत्रिणी तिथे येणार आहेत. अण्णांचे नाव घराला दे, लोक घराला वडिलांचे नाव देतातच.

उरलेल्या रकमेचे व्याज दोन गोष्टींना लावावे, असे मला वाटते. पहिली म्हणजे बारावीनंतरच्या फी, पुस्तके आणि परीक्षांचे अर्ज. दुसरी म्हणजे माण आणि खटाव तालुक्यांत बालसंगोपनाचे कागद जमवून देणारा एक पगारी तरुण, मोटारसायकल आणि पेट्रोलसह. समारंभात याचा फोटो निघणार नाही आणि पाहुणे बोलावून उद्घाटनही होणार नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेव. तू बँकेत इतकी वर्षे कर्जाची प्रकरणे तपासलीस, कुठला कागद कमी आहे हे तुला लांबूनच दिसते. आठवड्यातून एक दिवस तू स्वत: त्या तरुणाबरोबर बसलास तर मला वाटते देणगीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

माझे पटत नसेल तर तसे मोकळेपणाने लिही, आपल्यात भांडणे नवी नाहीत. पटले तर आषाढी झाल्यावर दोन दिवस सवड काढून ये. येताना घराचा नगरपालिकेचा उतारा आणि घरपट्टीची पावती आण, माझ्या ओळखीच्या वकिलांना दाखवू. शिवाय माडीवर मुलींना राहायचे तर तिथे वेगळे न्हाणीघर आणि संडास करावा लागेल, जिन्याला कठडा नाही तो बसवावा लागेल. गवंडी बोलावून खर्चाचा अंदाज मी घेऊन ठेवतो, फक्त किल्ली कुणाकडे आहे ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर